लिव्हर हार्पवर बाखचा सी मेजर प्रेल्यूड : पावसाळ्यातील प्रगती

पाखेलबेलचा कॅनन बसल्यावर या पावसाळ्यात मी बाखच्या ‘द वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या (पट्ट्यांच्या वाद्यांसाठीचा रचनासंग्रह) पहिल्या भागातला (१७२२) सी मेजर प्रेल्यूड, म्हणजे छोटी प्रास्ताविक रचना, हाती घेतला. माझी हार्प ३४ तारांची असून ई फ्लॅट मेजरमध्ये लावलेली आहे, म्हणजे तिच्यात ई, ए आणि बी हे स्वर फ्लॅट (अर्धा स्वर खाली) असतात; त्यामुळे सी मेजरसाठी या तारांचे लिव्हर, म्हणजे तार अर्धा स्वर चढवणाऱ्या खटक्या, आधीच वर करून ठेवावे लागतात. कोल्हापुरात पावसाची झड लागली की सूर सतत हलतो, म्हणून रियाजापूर्वी सगळ्या तारा पुन्हा लावणे क्रमप्राप्त झाले आहे.

मन शांत करणारे संगीत म्हणून हा प्रेल्यूड वाजवायचा, तर त्याची लय आणि श्वास यांचा मेळ बसला पाहिजे. मिनिटाला ४८ मात्रा ठेवल्या की चार मात्रांचा एक बार पाच सेकंदांचा होतो. एका बारात श्वास आत आणि पुढच्या बारात बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. प्रत्येक बारात एकच कॉर्ड (स्वरसमूह) असल्यामुळे ऐकणाऱ्याला हा हिशेब सांगावा लागत नाही.

मात्र विश्रांतीसाठी म्हणून मिळालेल्या एका सोप्या मांडणीत बारावा आणि चौदावा बार गुळगुळीत करून टाकलेले होते, आणि ते मला मुळीच पटले नाही. तिथला ताण काढून टाकला, तर तेराव्या आणि पंधराव्या बारात सुटका कशाची व्हायची? म्हणून मूळ स्वर जसेच्या तसे ठेवून लिव्हरांचाच क्रम ठरवला. एफ शार्प (अर्धा स्वर चढलेला एफ) सहाव्या बारात येतो आणि पुन्हा दहाव्यात; मधल्या तीन बारांत एफ नाहीच, त्यामुळे मधल्या सप्तकातल्या त्या तारेचा लिव्हर एकदा वर केला की दहाव्या बारापर्यंत तसाच राहू देता येतो. खरी कसोटी अकराव्या बारात आहे. दर अर्ध्या बारात डाव्या हाताचे पहिले दोन स्वर झाले की पुढचे सहा उजवा हात वाजवतो, आणि तेवढ्यात डावा हात मोकळा असतो. बाराव्या बारात सी शार्प आणि बी फ्लॅट लागतात, म्हणून पहिल्या अर्ध्या बारात मी वरच्या सीचा लिव्हर चढवतो. दुसऱ्या अर्ध्यात नुकतीच छेडलेली बीची तार आधी बोटाच्या पेराने शांत करून मगच तिचा लिव्हर खाली घेतो, कारण तार बोलत असताना लिव्हर फिरवला की खरखर होते आणि स्वर घसरत जातो.

हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या जुन्या वाद्यावर बोट उचलताच डॅम्पर तार बंद करतो. हार्पला ती सोय नाही. त्यामुळे खर्जातला जुना स्वर पुढच्या कॉर्डमध्ये रेंगाळू नये म्हणून तळव्याने तार दाबण्याचा वेगळा रियाज करावा लागतो, आणि माझा सर्वाधिक वेळ सध्या त्यातच जातो.

शेवटचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. २४ ते ३१ हे आठही बार खर्जात जी, म्हणजे सी हा षड्ज मानला तर पंचम, धरून ठेवतात आणि त्यानंतरचे चार बार षड्जावर येऊन टेकतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. देवल क्लबात गाणे शिकलेल्या माझ्या काकू संध्याकाळी ऐकायला बसतात. त्या म्हणाल्या, “पंचमावर किती वेळ थांबवतोस रे! मग सा आला की अंग आपोआप सैल पडतं.” तेव्हापासून त्या आठ बारांत लय जराही ओढायची नाही, हे मी पक्के केले आहे.

काही जुन्या आवृत्त्यांत २२ आणि २३ या बारांच्या मध्ये एक जादा बार आढळतो. याच प्रेल्यूडवर बेतलेल्या गुनोच्या ‘आवे मारिया’ या गीतातही तो आहे. तो बाखचा नसल्यामुळे मी वगळला आहे.

अजून २१ वरून २२ व्या बारात जाणे सफाईने जमत नाही. तिथे खर्जातला एफ शार्प करावा लागतो आणि लगेच, डाव्या हाताचे दोन स्वर झाल्यावर, जेमतेम अर्ध्या सेकंदात ई फ्लॅट मिळवावा लागतो. २३ व्या बारातल्या ए फ्लॅटचा प्रश्न मात्र सुटला आहे: खर्जातली ती तार संपूर्ण रचनेत तेवढ्यापुरतीच लागते, म्हणून तिचा लिव्हर सुरुवातीपासून खालीच ठेवतो. ही जागा बसली की हेंडेलच्या बी फ्लॅट मेजरमधल्या हार्प कॉन्चेर्तोतला (१७३६) संथ लार्गेत्तो घेणार आहे. तो मुळात हार्पसाठीच लिहिलेला आहे.