सतरा ग्रॅमची तूट

वैधमापन शास्त्र विभागात निरीक्षक म्हणून मी गेली अनेक वर्षे काम करतो. लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ, बोहरी आळी, तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई ही पुण्याच्या मध्यवस्तीतली बाजारपेठ मला ठाऊक आहे ती तिथल्या काट्यांवरून आणि वजनांवरून. कोणत्या गाळ्यात जुना तराजू अजून टांगलेला आहे आणि कोणत्या दुकानाची पडताळणी कोणत्या महिन्यात संपते, हे मला वही न उघडता सांगता येते. कमी वजनाच्या तक्रारी आमच्याकडे नेहमीच येतात. वजनाच्या तळाचे शिसे खरवडून काढणे, पारड्याखाली चुंबक चिकटवणे, माल टाकतानाच पारडे बोटाने दाबणे, हे काटा मारण्याचे प्रकार मी पुष्कळ पाहिलेले आहेत. मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाले, त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आलेली एक तक्रार मात्र या कोणत्याच प्रकारात बसणारी नव्हती.

तक्रारदार एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी मंडईतल्या एकाच गाळ्यावरून तीन वेगवेगळ्या दिवशी पावशेर लसूण घेतला होता आणि घरच्या काट्यावर तिन्ही वेळा वजन करून आकडे अर्जात लिहिले होते: २३४, २३३ आणि २३५ ग्रॅम. अर्ज वाचताना मी त्या आकड्यांपाशी थांबलो. जो विक्रेता मुद्दाम कमी देतो त्याची तूट रोज सारखी नसते. गिऱ्हाईक पाहून, गर्दी पाहून ती कमीजास्त होते. येथे ती तिन्ही दिवस सतराच्या आसपास होती. शिवाय २३३ हा आकडा मला कुठेतरी भेटलेला होता, पण त्या क्षणी तो कुठे, ते आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकारी प्रमाण वजनांची, म्हणजे बाजारातली वजने ज्यांच्याशी ताडून पाहतात त्या वजनांची, पेटी आणि लहान तराजू घेऊन मी आणि माझा सहायक मेट्रोनेच मंडईत गेलो. सरकत्या जिन्याने वर येऊन बाहेर पडले की मंडईची दगडी इमारत आणि तिचा मधला उंच मनोरा समोर येतो. १८८६ साली ही इमारत सुरू झाली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव दिले गेले, आणि ही गोष्ट मला दर वेळी त्या पायऱ्या चढताना आठवते. बाजारावर नजर ठेवण्याचे आमचे काम त्याहूनही जुने आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी अनेक कामे असत, त्यांत वजनमापांची तपासणीही होती.

ओळख न देता सहायकाने त्या गाळ्यावर पावशेर लसूण मागितला. ओट्यावर विशीतला एक मुलगा बसलेला होता. इलेक्ट्रॉनिक काटा दिसत नव्हता. त्याने जुना तराजू उचलला, एका पारड्यात एक लहान गोल वजन टाकले, दुसऱ्यात लसूण टाकला, दांडी समपातळीत येऊ दिली, आणि माल पिशवीत ओतला. हात कुठे लागला नाही, दांडी कुठे झुकली नाही. त्याने स्वच्छ तोलले होते. मग मी ओळखपत्र दाखवले आणि वजने पुढे ठेवायला सांगितली.

एक किलो, अर्धा किलो, दोनशे ग्रॅम आणि शंभर ग्रॅम ही चारही षटकोनी लोखंडी वजने होती. त्यांच्या शिशावर आमच्या विभागाची मुद्रा होती, दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नव्हती, आणि प्रमाण वजनांशी ताडून पाहता ती बरोबर उतरली. पाचवे वजन गोल होते. मी ते तळहातावर घेतले. वरची अक्षरे इतकी झिजली होती की डोळ्यांना लागत नव्हती. अंगठा फिरवल्यावर ‘पा’ आणि ‘व’ जाणवले. ते मी एका पारड्यात ठेवले, दुसऱ्यात माझ्या पेटीतली २०० आणि ५० ग्रॅमची वजने ठेवली, आणि माझे पारडे खाली गेले. ५० काढून २० ठेवले, त्यावर १० ठेवले, मग २ आणि शेवटी १. दांडी स्थिर झाली. दोनशे तेहेतीस.

तेव्हा मला तो आकडा आठवला. प्रशिक्षणात आम्हांला जुन्या वजनांचा तक्ता पाठ करावा लागला होता: एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा मण. ९३३चा चौथा भाग २३३. माझ्यापुढे खोटे केलेले वजन नव्हतेच. ते एक अस्सल, अचूक पावशेराचे वजन होते, ज्याचा कायदेशीर वापर साठ वर्षांपूर्वी संपला होता.

मुलाने सांगितलेली हकीकत साधी होती. गाळा त्याच्या आजीचा. तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यामुळे तीन आठवडे तो एकटा बसत होता. इलेक्ट्रॉनिक काटा दुरुस्तीला दिलेला होता, म्हणून त्याने जुना तराजू काढला. दशमान वजनांत अडीचशे ग्रॅमचे एकच असे वजन नसते, दोनशे आणि पन्नास एकत्र ठेवावे लागतात, आणि पन्नासचे वजन गहाळ झाले होते. आजीच्या पत्र्याच्या पेटीत शोधताना त्याला हे गोल वजन सापडले. ‘पाव’ ही अक्षरे त्यालाही बोटाने लागली. गिऱ्हाईक दिवसभर पावशेर मागते, मग हेच ते पावशेराचे वजन, असे त्याला वाटले. शेर नावाचे वेगळे माप कधी होते, हे त्याने आयुष्यात ऐकलेले नव्हते.

हे ऐकताना मला त्याच्यावर अविश्वास दाखवण्याजोगे काही सापडले नाही, कारण या संपूर्ण बाजारपेठेत माणसे अजून जुन्या मापांच्या नावांनीच बोलतात. दशमान वजने १९५८ सालच्या ऑक्टोबरपासून यायला लागली आणि १९६२ साली ती सक्तीची झाली, पण पावशेर हा शब्द मंडईतून हलला नाही. त्याने नुसते आपल्या पोटात सतरा ग्रॅम वाढवून घेतले. येथून पाच मिनिटांवर सोन्या मारुती चौकात सराफांकडे गेलात तर तिथे तोळा उलट्या दिशेने गेलेला दिसतो, कारण बोलण्यातला आजचा तोळा दहा ग्रॅमचा आहे, म्हणजे मूळ तोळ्यापेक्षा दीड ग्रॅमहून अधिक कमी. लक्ष्मी रस्त्यावर कापड मीटरने मोजतात आणि साडी मात्र नऊवारीच असते. मी रोज या शब्दांमध्ये वावरतो, आणि तरीही एखाद्या शब्दामुळे वजन चुकू शकते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते.

कायद्यापुढे मात्र मला पर्याय नव्हता. अप्रमाणित वजन व्यवहारात वापरणे हाच गुन्हा होता. ते का वापरले याची नोंद जबाबात घेता येत होती, पण जप्ती टळत नव्हती. आणि ती टळू नये असेच मला वाटते. पावशेर लसूण मागून २३३ ग्रॅम घेऊन गेलेल्या प्रत्येक माणसाने पैसे अडीचशेचे मोजले होते. मी पंच बोलावले आणि पंचनामा लिहायला घेतला.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यावरून निरोप गेल्यामुळे आजी शुक्रवार पेठेतल्या घरून आल्या. डोळ्याला हिरवा चष्मा होता, वय ऐंशीच्या पुढचे. कोणी काही सांगण्याआधी त्यांनी हात पुढे केला, मी वजन त्यांच्या हातात दिले, आणि त्यांनी ते न पाहताच ओळखले.

“हे सासूबाईंचं. साहेब, पोरगं लबाड नाही हो. मी फेकून द्यायला पाहिजे होतं, माझ्यानं झालं नाही.”

मी त्यांना बसायला सांगितले. नवी वजने आली तेव्हा त्या लग्न होऊन नुकत्याच या ओट्यावर बसू लागल्या होत्या. घाऊक बाजार अजून गुलटेकडीला गेला नव्हता आणि पहाटे मंडईभोवती मालाच्या गाड्या लागत. सासूबाईंना किलोचा फार राग होता, कारण गिऱ्हाईक पावशेरच मागायचे, भाव तोच द्यायचे, आणि प्रत्येक तोलात लसणाच्या चारदोन पाकळ्या जास्त जायच्या. “वर्षभर कुरकुरल्या. पण मापात पाप नको म्हणून जुनी वजनं पेटीत टाकली आणि पेटीला कुलूप लावलं,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी नातवाला विचारले, “किती दिवस तोललंस यानं?” त्याने तीन आठवडे सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जप्तीच्या नमुन्यात वजनाचे परिमाण लिहिण्यासाठी ग्रॅम आणि किलोग्रॅम एवढेच छापलेले होते. मी दोन्ही खोडून हाताने लिहिले: लोखंडी गोल वजन, नग एक, पाव शेर, मुद्रा अवाचनीय, तळाचे शिसे अखंड, प्रत्यक्ष भार २३३ ग्रॅम. आजींनी खाली सही केली. प्रशमन शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी प्रकरण मिटवण्याची रक्कम, भरण्यासाठी कोणत्या दिवशी यायचे ते मी सांगितले. तक्रार करणाऱ्याचा पत्ता त्यांनी मागितला, आणि तो देता येत नाही असे मला सांगावे लागले.

“मग येईल त्याला देईन,” त्या म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी त्या नातवाला घेऊन कार्यालयात आल्या. शुल्क भरले, पावती घडी करून पदराच्या गाठीत ठेवली, आणि पिशवीतून पन्नास ग्रॅमची दोन कोरी वजने काढून मुद्रांकनासाठी माझ्यापुढे ठेवली. एक हरवले तर दुसरे असावे म्हणून दोन. मी ती प्रमाण वजनाशी ताडली, तळाच्या शिशावर ठसा धरला आणि हातोडी मारली. तिमाहीचे अक्षर आणि वर्ष नीट उमटले आहे की नाही, हे नातवाने खिडकीपाशी नेऊन पाहिले.

त्यानंतर आठवड्याभराने दुसऱ्या एका तपासणीसाठी मी मंडईत गेलो होतो. आजी ओट्यावर होत्या. एका बाईंनी पावशेर लसूण मागितला, तेव्हा आजींनी पारड्यात दोनशेवर नवे पन्नास ठेवले, दांडी समपातळीत आली, आणि मग त्यांनी समोरच्या ढिगातून चार पाकळ्या वेगळ्या उचलून बाईंच्या पिशवीत टाकल्या.