सारस, बॅटरी आणि कॅमेऱ्यातला आरसा

गोंदिया जिल्ह्यातल्या ज्या गावात माझी शाळा आहे, तिथून वैनगंगेचे पात्र सायकलने गाठता येते, आणि पावसाळा ओसरल्यावर धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी एखाद्या पिल्लासह चरताना दिसते. त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी गेल्या वर्षी कॅमेरा घ्यायचे ठरवले, तेव्हा शोध निकॉनच्या दोन कॅमेऱ्यांवर येऊन थांबला. एक २०१७ सालचा डी७५००, म्हणजे आरशाचा डीएसएलआर, आणि दुसरा २०१९ सालचा झेड५०, म्हणजे बिनआरशाचा मिररलेस. दोन्ही वापरलेलेच घेणे मला परवडणारे होते. दोहोंचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सुमारे २१ मेगापिक्सेलचा असल्यामुळे चित्राच्या दर्जात माझ्या कामापुरता फरक नव्हता.

खरा फरक डोळा लावल्यावर जाणवतो. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वळून प्रिझममार्गे थेट आपल्या डोळ्यात येतो. तिथे वीज जवळजवळ खर्चच होत नाही. मिररलेसमध्ये मात्र सेन्सर सतत जागा असतो आणि व्ह्यूफाइंडरमधला, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतला, चिमुकला पडदा त्याने टिपलेले दृश्य दाखवत राहतो. प्रमाणित चाचणीनुसार डी७५००ची बॅटरी एका चार्जिंगमध्ये ९५० चित्रे देते आणि झेड५०ची सुमारे ३००. सारसासाठी बांधावर दोन-दोन तास बसणाऱ्याला मात्र हे आकडेसुद्धा पुरती गोष्ट सांगत नाहीत, कारण तिथे चित्रे वीस-पंचवीसच निघतात आणि उरलेला सगळा वेळ पक्षी मान वर कधी करतो याकडे डोळा लावून बसण्यात जातो. ते बसणे आरशाच्या कॅमेऱ्याला फुकट पडते, मिररलेसला पडत नाही. जादा बॅटऱ्या घेता येतात, हे मान्य. पण रात्री लाईन गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही, तर त्या चार्ज करायच्या कुठे?

आवाजाचा मुद्दा मला आधी फार मोठा वाटला होता. आरसा वर उचलला जाताना होणारा खटका शांत सकाळी बराच लांब जातो, आणि मिररलेस इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे आतला यांत्रिक पडदा न हलवता, अगदी निःशब्द चालतो. परंतु सारसापासून शंभर-दीडशे मीटर दूर राहणे हे तसेही कर्तव्यच आहे, घरट्याजवळ तर जाऊच नये. आणि त्या अंतरावर पक्षी खटक्याकडे नव्हे, आपल्या हालचालीकडे लक्ष देतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने निःशब्द शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख तिरके होण्याची शक्यता असते.

वजनात मात्र मिररलेस सरळ जिंकतो. बॅटरीसह झेड५० सुमारे ४५० ग्रॅमचा आहे, तर डी७५०० सुमारे ७२० ग्रॅमचा. पण मी घेणार असलेली २००-५०० मिलिमीटरची लेन्सच सव्वादोन किलोच्या वर असल्यामुळे पाव किलोच्या बचतीने खांद्याला काय मोठा आराम मिळणार होता? ती लेन्स झेड५०वर अडॅप्टरने, म्हणजे मधल्या जोडकड्याने, उत्तम चालते. माझ्याकडची जुनी एएफ-डी प्रकारची ५० मिलिमीटरची लेन्स मात्र त्या अडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाही, कारण तिला लागणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते. ती डी७५००मध्ये आहे.

मी डी७५०० घेतला. माझा पुतण्या लग्नाची कामे करतो, आणि त्याला मी उलटाच सल्ला दिला. चित्र किती उजळ किंवा काळपट येणार हे मिररलेस बटण दाबण्याआधीच दाखवतो, चेहऱ्यातला डोळा शोधून फोकस तिथे धरून ठेवतो, आणि व्हिडिओ घेतानाही व्ह्यूफाइंडर चालू राहतो. डीएसएलआरमध्ये व्हिडिओसाठी आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर आंधळा होतो. हळदीच्या मांडवात हे सगळे रोज लागते, आणि तिथे बॅटरी चार्ज करायला जनरेटरही असतो. त्यातून २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे ज्याला या धंद्यात पुढची पंधरा वर्षे काढायची आहेत त्याने आरशाच्या कॅमेऱ्यात पैसे अडकवू नयेत. माझ्या निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत. माझा हिशेब वेगळा आहे.

वापरलेला कॅमेरा घेताना मी शटर किती वेळा चालले आहे ते पाहिले, आणि एफ/१६ ठेवून, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान करून, मोकळ्या आकाशाचे चित्र काढले, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीही तपासली. आमच्याकडे बोड्या आणि तलाव पावलोपावली असल्याने पावसाळ्यातली हवा लेन्सला सोसत नाही. सध्या दोन्ही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत, आणि पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवून घेतो.