पावसाळ्यात ग्रीन टी ताजा ठेवताना: माझा अनुभव

खानापुरात जून लागला की घरात कोरडं म्हणावं असं काही उरत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडी ओढली की गुलच निघून येतो, पापडाला दोन-दोन पिशव्या घालाव्या लागतात. अशा हवेत ग्रीन टी टिकवायचा तर नुसतं झाकण घट्ट लावून भागत नाही. आमच्याकडे तो दसऱ्यापर्यंत हिरवा आणि सुवासिक राहिला. आपल्या भागात आता बऱ्याच घरांत ग्रीन टी येतो आणि पावसाळा संपायच्या आत वाया जातो, म्हणून हे सविस्तर लिहिते.

चहा आणला धाकट्या दिरांनी. ते मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, सध्या पोस्टिंग हिमाचलात. मे महिन्यात सुट्टीवर येताना पालमपूरहून अर्धा किलो घेऊन आले, वसंतातल्या पहिल्या खुडीचा. कांगड्याच्या त्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा होतो. ४ एप्रिल १९०५च्या भूकंपात तिथले मळे आणि कारखाने पार मोडले, तरी चहा टिकला आणि २००५ साली कांगडा चहाला जीआय, म्हणजे त्या भागाच्याच मालाला ते नाव लावता येण्याची सरकारी नोंद, मिळालं. "वहिनी, ह्यात दूध घालायचं नाही बघा," एवढंच सांगून भाऊजी मोकळे झाले. पाकीट उघडलं तर बारीक पीळ पडलेली गडद हिरवी पानं, चिमटीत धरली की कट्कन मोडणारी. हा आवाज मी खूण म्हणून लक्षात ठेवला. पान मोडायच्या ऐवजी वाकायला लागलं की त्याने ओल घेतली समजायचं.

आपली रोजची चहापूड इतकी नाजूक नसते, कारण ते पान कारखान्यातच हवा खाऊन काळं झालेलं असतं. ग्रीन टीचं पान खुडल्यावर लगेच तापवतात, चीनमध्ये बहुतेक कढईत आणि जपानात वाफेवर. त्यामुळे काळं पडण्याची क्रिया तिथंच थांबते. पुढे मात्र हवा, ओल, उजेड आणि उष्णता मिळेल तसं पान हळूहळू तपकिरी होतं, वास जातो, चव गवतासारखी लागते. शिवाय सुकं पान शेजारचा वास झटकन ओढून घेतं.

आमच्या घरात हीच मोठी अडचण होती. स्वयंपाकघरात मेमध्ये कुटलेल्या तिखटाच्या बरण्या, वर शिंक्याला सुका बांगडा, आणि अंघोळीच्या पाण्याची चूल शेजारीच. देवघराच्या कोनाड्यात धूप-कापूर. कपाटात डांबरगोळ्या. आमचं गाव मातीच्या भांड्यांचं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, मडक्यात ठेव. पण न चकाकवलेलं मडकं श्वास घेतं. म्हणून तर त्यात पाणी गार होतं, आणि म्हणूनच ते चहाच्या उपयोगाचं नाही. काचेची बरणी हवा अडवते, उजेड अडवत नाही. फ्रिज गार आणि अंधारा, पण पावसात आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते. उघडा डबा आत-बाहेर केला की गार पानांवर दव धरतं, ते वेगळंच.

शेवटी मी अर्धा किलोचा एकच साठा ठेवायचाच नाही असं ठरवलं. कपाला दोन ग्रॅम धरले तर अर्ध्या किलोत अडीचशे कप. ५० ग्रॅमची एक पुडी म्हणजे पंचवीस कप, आम्ही दोघं रोज एकेक पिणार, तेव्हा पंधरवड्याच्या आत पुडी संपते. बेळगावला रविवार पेठेतून आतून चंदेरी थर असलेल्या जाड पिशव्या आणल्या. गल्लीतल्या महिला मंडळाकडे पापडाच्या पाकिटांसाठी सीलिंग मशीन आहे, तिथं एका कोरड्या उन्हाच्या दुपारी दहा पुड्या भरल्या. पिशवी तळहाताने दाबून हवा काढायची आणि तोंडावर पानाचा कण अडकलेला नाही ना हे बघायचं. कण राहिला तर सील धरत नाही. ज्यांच्याकडे मशीन नाही त्या बायका मेणबत्ती आणि करवतीच्या पात्याने साध्या प्लॅस्टिक पिशव्या चिकटवतात, पण जाड पिशवीला मशीनच बरं.

नऊ पुड्या एका पत्र्याच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. सीलबंद असल्याने लाइट गेली तरी आत ओल जात नाही. नवी पुडी आदल्या रात्री बाहेर काढायची आणि सकाळपर्यंत हातही लावायचा नाही. पुडी घरातल्या हवेइतकी झाली की मगच कापायची. चालू पुडीतला चहा स्टीलच्या फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डब्यात. तो डबा मी माझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवते, तिथं ना वास ना ऊन. चमचा पूर्ण कोरडा हवा, आणि वाफाळत्या पातेल्यावर डबा धरून चहा घालायचा नाही. आपल्याकडे ही सवय सगळ्यांनाच असते.

करायची पद्धतही तितकीच महत्त्वाची. उकळतं पाणी ओतलं की पानांतला कडूपणा आणि तुरटपणा एकदम उतरतो. ७५-८० अंश पुरे. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतायचं, दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. दोनदा ओतलं की झालं. मग पानं घालून दोन ते तीन मिनिटं झाकायचं आणि लगेच गाळायचं. रंग फिकट पिवळसर हिरवा येतो आणि वास कोवळ्या मक्याच्या कणसासारखा. तीच पानं दुसऱ्यांदाही चालतात, पाणी थोडं जास्त गरम घेऊन.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "कसला पाला उकळालीस गे?" आता त्या स्वतः दुपारी चारला मागतात, साखरेशिवाय. जेवणाला लागूनच मात्र मी देत नाही. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं आणि त्यांचं रक्त आधीच कमी आहे. तासाभराचं अंतर ठेवते.

शेवटची पुडी नवरात्रात फोडली. पान कट्कन मोडलं. रंग मेपेक्षा किंचित फिका, वास जवळजवळ तोच. भाऊजींना फोन करून सांगितलं, पुढच्या खेपेला सुटा आणू नका, तिथंच छोट्या पाकिटांत बांधून मिळत असेल तर तसाच घ्या, आणि पाकिटावरची खुडीची तारीख बघून घ्या.