गोळी उतरते कधी, हे विचारणाऱ्या डॉक्टर

"आई, चार वाजून गेले ना? मग मी उद्या सकाळी विचारते."

माझी नऊ वर्षांची मुलगी हे म्हणाली आणि गणिताची वही उचलून आतल्या खोलीत गेली. ती रुसली नव्हती की घाबरलीही नव्हती. चारनंतर आईला काही विचारायचं नसतं, एवढं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी तिथेच बसून राहिले. मला औषध सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही, मन सतत भरकटतं अशा आजाराचं, निदान झालं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. हिशेब तपासणं हे माझं काम. मिथाइलफेनिडेट या लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या उत्तेजक औषधाची दहा मिलिग्रॅमची साधी गोळी सकाळी आठला एक आणि दुपारी बाराला एक, अशी सुरुवात झाली. पहिल्याच आठवड्यात मी एका बैठकीत अख्ख्या महिन्याचा ताळा जुळवला आणि घरी येऊन खूप रडले. इतकी वर्षं ज्याला मी स्वतःचा आळस समजत होते, तो आळस नव्हताच.

पण चार वाजले की सगळं बिघडायचं. शब्द सापडायचे नाहीत, भांड्यांचा आवाज कानात घुसायचा, कुणी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मी अंगावर धावून जायचे. औषधाआधी मी विसराळू होते, वेंधळी होते, पण अशी चिडकी कधीच नव्हते.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "डोस कमी पडतोय," आणि दोन्ही वेळच्या गोळ्या दुप्पट केल्या. त्यानंतर सकाळी दहाच्या सुमारास छातीत धडधड, जबडा आवळलेला, हात थंडगार. एका कागदावर नजर खिळली की तिथून हलायची नाही. आणि चार वाजता घसरण होतीच, आधीपेक्षा जास्त खोल. पुढच्या भेटीत निष्कर्ष निघाला की हे औषध मला सोसत नाही आणि मुळात मला एडीएचडी नसून चिंतेचा त्रास असावा. गोळ्या बंद झाल्या.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जेमतेम दहा मिनिटं झाली. शाळेत मार्क चांगले होते म्हटल्यावर त्यांनी फाइल मिटली. मोठ्या माणसांच्या एडीएचडीबद्दल २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, स्पष्ट लिहिलेलं आहे: लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असायला हवीत आणि सतरा आणि त्यापुढच्या वयाच्यांना लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातली सहाऐवजी पाच पुरतात. मार्क किती मिळाले, ही त्यात अटच नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी तशी उठून आले नसते. पुढचे आठ महिने मी औषधाविना काढले.

त्या आठ महिन्यांत एक गोष्ट मात्र मनात पक्की झाली. औषध काम करत होतं. दिवसाचे काही तास ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. बिघाड होता तो कडेला, गोळी संपते तिथे. मला ती कड समजणारा माणूस हवा होता.

मनोविकारतज्ज्ञ आहेत म्हणजे एडीएचडी माहीत असणारच, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. बरेच डॉक्टर शिकले तेव्हा हा मुलांचाच आजार समजला जायचा, मोठ्यांचा असा पेशंट त्यांच्यासमोर फार कमी आलेला असतो. त्यामुळे या वेळी मी लगेच वेळ न घेता आधी फोन केले. मदतनीस जो कुणी फोन उचलेल त्याला तीन गोष्टी विचारायच्या, कागदावर लिहून ठेवल्या होत्या: डॉक्टर प्रौढांचा एडीएचडी बघतात का? औषध स्वतः नव्याने सुरू करतात, की दुसऱ्याने सुरू केलेलं फक्त पुढे चालू ठेवतात? आणि सुरुवातीच्या महिन्यात किती वेळा बोलावतात? तिसऱ्या प्रश्नाचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. दोन ठिकाणी "तीन महिन्यांनी या" असं उत्तर मिळालं. एका ठिकाणी "विचारून सांगते" म्हणाल्या आणि सांगितलंच नाही. चौथ्या ठिकाणी उत्तर आलं, "पहिले काही आठवडे दर आठवड्याला, फोनवर चालेल, पण बीपी आणि नाडी मोजून कळवावी लागेल." तिथेच मी वेळ घेतली.

त्या भेटीत डॉक्टर बाईंनी निदान झालं का, कुणी केलं, हे विचारलंच, पण त्याआधीचा प्रश्न होता, "गोळी घेतल्यावर किती मिनिटांनी कळतं? आणि उतरते कधी?"

मला उत्तर देता येईना. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

मग एकेक विचारत गेल्या. झोप कशी आहे, घोरता का, थायरॉइड तपासलंय का, घराण्यात कुणाला कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू. वजन, बीपी, नाडी घेतली. आईशी फोनवर बोलल्या. आई म्हणाली, "अहो, हिला शाळेत पोचवून मी घरी यायचे आणि तिचं दप्तर दारातच पडलेलं असायचं. असं कितीदा!" बाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं.

आणि मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी दोन टेकड्या काढल्या. साधी मिथाइलफेनिडेट अर्ध्या तासात चढते, साधारण दोन तासांनी माथ्यावर असते, तीन-चार तासांत उतरते. आठची गोळी बारापर्यंत, बाराची चारपर्यंत. "तुमची चारची वेळ म्हणजे हा दुसऱ्या टेकडीचा पायथा," त्यांनी पेन तिथे टेकवलं. "डोस वाढवला की टेकडी उंच होते. लांब फारशी होत नाही. उंचीवरून उतरताना आपटायला मात्र जास्त होतं." दहा वाजताची धडधड म्हणजे माथा जास्त उंच झाला होता, चारची चिडचिड म्हणजे पायथा. दोन वेगळ्या तक्रारी, दोन्हींची कारणं वेगळी. माथ्यावर त्रास होत असेल तर डोस जास्त आहे. उतरताना होत असेल तर अवधी कमी पडतोय. अवधीच्या तक्रारीला उंचीचं उत्तर दिलं गेलं होतं.

मला त्या कागदाकडे बघताना भरून आलं. हे औषध १९४४ मध्ये लिआंद्रो पानित्झोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा बनवलं आणि त्याच्या बायकोच्या 'रीटा' या घरातल्या नावावरून त्याचं रिटालिन झालं. इतकं जुनं औषध, आणि ते किती तास पुरतं हे मला कळायला एक वर्ष आणि तीन डॉक्टर लागले.

बाईंनी लगेच मोठी गोळी दिली नाही. पहिले दहा दिवस जुनाच छोटा डोस आणि वही. वही म्हटल्यावर मला घाम फुटला, कारण अर्धवट भरलेल्या वह्यांनी माझं कपाट भरलंय. त्या म्हणाल्या, "वाक्यं लिहूच नका. मोबाइलचा गजर दर तासाला. किती ठीक वाटतंय, शून्य ते दहा एक आकडा, बस." आणि संध्याकाळचे आकडे नवऱ्याने लिहायचे. ही सूचना लाखमोलाची ठरली. गोळी उतरताना आपण बदललोय हे आतून कळत नाही, जग कर्कश झालंय असं वाटतं. माझ्या मते मी चार वाजता सहावर होते. त्याच्या अक्षरात तिथे दोन होता, आणि शेजारी बारीक अक्षरात "अगं, दार आपटलंस."

दहा दिवसांनी वही बघून त्यांनी बारा तासांची म्हणतात ती लाँग ॲक्टिंग गोळी सुरू केली, अठरा मिलिग्रॅमपासून, मग आठवड्याच्या अंतराने सत्तावीस, मग छत्तीस. तिची रचना मला फार आवडते. बाहेरच्या थरात एकूण औषधाचा २२ टक्के भाग असतो, तो लगेच विरघळतो. उरलेला आत. कवचाला लेसरने पाडलेलं एक बारीक भोक असतं. पोटातलं पाणी आत शिरतं, आतला थर फुगतो आणि औषध त्या भोकातून हळूहळू बाहेर ढकलतो, दिवस चढेल तसं जास्त. मुद्दाम चढतं ठेवलेलं आहे, कारण दिवसभर एकाच पातळीवर ठेवलं तर परिणाम मावळत जातो असं अभ्यासात दिसलं होतं. ही गोळी चावायची नाही, तोडायची नाही. आणि रिकामं कवच तसंच शौचावाटे बाहेर पडतं. हे बाईंनी आधीच सांगितलं, म्हणून मी घाबरले नाही.

पुस्तकात बारा तास. माझ्या वहीत साडेनऊ. सकाळी साडेसातची गोळी, पाचला घसरण. मला वाटलं माझंच काही चुकतंय. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना बारा मिळत नाहीत. तुमचे साडेनऊ आहेत, आपण साडेनऊ धरून चालू." साडेचारला पाच मिलिग्रॅमची साधी गोळी जोडली. घसरण सुरू झाल्यावर घ्यायची नाही, सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. तिचा परिणाम आठपर्यंत, म्हणजे अकराच्या झोपेला धक्का नाही. माझ्या भावाला हीच मात्रा दिली असती तर तो रात्रभर जागा राहिला असता. तो ॲटोमॉक्सेटिनवर आहे, ते उत्तेजक गटातलं नाही, चोवीस तास चालतं, पण अंगी लागायला काही आठवडे जातात. त्याचे आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत, माझे त्याच्या नाहीत.

सहाव्या महिन्यात एकदा पुन्हा सगळं बिघडलं. दुपारी दोनलाच आकडे कोसळायला लागले. मी पुन्हा स्वतःला दोष द्यायला सुरुवात केली. वही पाठवल्यावर बाईंचा पहिला प्रश्न, "गोळीचा रंग-आकार बदललाय का?" बदलला होता. नाव तेच, मिलिग्रॅम तेवढेच, कंपनी दुसरी, आणि आत औषध सोडायची पद्धतही दुसरी. अमेरिकेत नोव्हेंबर २०१४ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, नेमक्या अशाच कारणावरून या गोळीच्या दोन जेनेरिकची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाच्या गोळ्यांची, 'मूळ गोळीऐवजी चालेल' अशी समतुल्यतेची श्रेणी काढून घेतली होती, कारण सात ते बारा तासांच्या टप्प्यात त्या मूळ गोळीइतकं औषध पोचवत नसाव्यात अशी शंका होती. जेनेरिक वाईट असतात असा याचा अर्थ मी काढत नाही, पण लांब चालणाऱ्या गोळीत यंत्रणा बदलली तर तास बदलू शकतात. आता प्रिस्क्रिप्शनवर कंपनीचं नाव असतं आणि मी डबी घरी आणण्याआधी उघडून बघते.

बीपी मी अजून महिन्यातून एकदा मोजते. वजन दोन किलो उतरलं होतं, ते परत आलं. बाईंकडे दर तीन महिन्यांनी जाते आणि अजूनही पहिला प्रश्न तोच असतो. आता माझ्याकडे उत्तर असतं.

वही जवळपास संपत आली आहे. गेल्या मंगळवारच्या पानावर नवऱ्याच्या अक्षरात शेवटची ओळ अशी: "७:१५. आठ. अपूर्णांक झाले. दोघी अजून बसल्यात."