अ‍ॅन स्ट्रीट : बायकोच्या नावाचा रस्ता

एडिनबराला भाच्याकडे आठ दिवस होते, किल्ला वगैरे पहिल्या दोन दिवसात उरकला आणि तिसऱ्या दिवशी त्याला म्हटलं की मला आता चित्रकार रेबर्नचं गाव दाखव. तो म्हणाला मामी, रोज दूध आणतो ना मी, तेच दुकान रेबर्न प्लेसवर आहे! स्टॉकब्रिज म्हणतात त्या भागाला, आता अगदी शहरात आहे पण १७५६ मध्ये हेन्री रेबर्न जन्मला तेव्हा हे शहराबाहेरचं खेडं होतं, वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठावर गिरण्या होत्या आणि त्यातलीच एक रेबर्नच्या वडिलांची, सूत उकळायचं काम चालायचं तिथे.

नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढाच. काठाकाठाने चालायला मस्त पायवाट आहे, झाडी इतकी दाट की वरचं शहर दिसत पण नाही.

आईवडील दोघंही हेन्री लहान असतानाच गेले. थोरला भाऊ विल्यम त्याच्याहून बारा-एक वर्षांनी मोठा, त्याने गिरणी पण सांभाळली आणि धाकट्याला पण. माझ्या बाबांना त्यांच्या दादांनी असंच वाढवलं, स्वतःचं शिक्षण सोडून, त्यामुळे मला या विल्यमबद्दल फार वाटतं. पुढे हेन्रीला हेरियट्सच्या शाळेत घातलं, जॉर्ज हेरियट नावाच्या सोनाराने मरताना पैसे ठेवले होते वडील नसलेल्या मुलांसाठी, त्यातून उभी राहिलेली ही संस्था. इमारत अजून आहे, शाळाही चालू आहे, आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिली. आणि तिथून १७७२ मध्ये बाहेर पडल्यावर हेन्री लागला कुठे कामाला, तर सोनाराकडेच! गिलिलँड नावाच्या सोनाराकडे उमेदवारी करता करता हस्तिदंतावर छोटे छोटे चेहरे रंगवायला लागला, तिथून पोर्ट्रेट्स.

आता अ‍ॅन. अ‍ॅन एडगर ही जेम्स लेस्ली नावाच्या माणसाची विधवा, पदरी मुलं, डीनहॉची इस्टेट तिच्याकडे. असं सांगतात की ती स्वतःचं चित्र काढून घ्यायला आली आणि थोड्याच दिवसात लग्न झालं. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी होती. लोक लगेच म्हणतात पैशासाठी केलं, मला नाही पटत, कारण पुढे त्याने जमिनीचे प्लॉट पाडून तिथे घरं बांधायला दिली तेव्हा सगळ्यात सुंदर रस्त्याला तिचं नाव दिलं. अ‍ॅन स्ट्रीट. जवळच लेस्ली प्लेस पण आहे म्हणजे तिच्या आधीच्या नवऱ्याचं आडनाव सुद्धा पुसलं नाही, आणि डीनहॉ स्ट्रीट पण आहे. या भागात फिरताना पाट्या वाचत गेलं की वंशावळ वाचल्यासारखं होतं.

त्या रस्त्यावर मी जवळजवळ तासभर होते. न्यू टाउन या शहराच्या भागातल्या बाकीच्या बहुतेक दगडी घरांची दारं सरळ फुटपाथवर उघडतात, इथे प्रत्येक घरापुढे बाग आहे, गुलाब आणि कुंपणं, भाचा कंटाळला पण मी हलले नाही.

सगळं छान छानच होतं असं नाही. थोरला मुलगा पीटर ऐन तारुण्यात गेला. धाकटा मुलगा हेन्री आणि सावत्र मुलीचा नवरा इंग्लिस यांच्या धंद्यात १८०८ मध्ये दिवाळं निघालं, त्यात रेबर्न पण बुडाला, वय ५२! मग लंडनला जायचा विचारही केला पण गेला नाही, इथेच रंगवत राहिला. याच इंग्लिसचा मुलगा, म्हणजे सावत्र नातू, ऐकू-बोलू न शकणारा, त्याचं सशाबरोबरचं चित्र रेबर्नने काढलं आणि रॉयल अकॅडमी या लंडनच्या चित्रकारांच्या संस्थेत निवडून आल्यावर तेच त्यांना दिलं. लॉर्ड, जज, सरदार एवढे सगळे रंगवले होते, त्यातून नातवाला निवडलं. हे मला त्याच्याबद्दलचं सगळ्यात आवडतं.

संध्याकाळी यॉर्क प्लेसला रेबर्नचा ३२ नंबरचा स्टुडिओ बाहेरून पाहिला, खिडक्या उत्तरेकडच्या उजेडासाठी मुद्दाम मोठ्या केलेल्या. तो आधी पेन्सिलने काढायचाच नाही म्हणे, सरळ ब्रश कॅनव्हासवर. दुसऱ्या दिवशी पोर्ट्रेट गॅलरीत त्याने रंगवलेला नील गॉ हा फिडल (व्हायोलिन) वाजवणारा बघितला आणि कळलं म्हणजे काय ते, चेहऱ्यावर रंगाचे चौकोनी फटकारे आहेत, जवळून नुसते डाग आणि चार पावलं मागे गेलं की म्हातारा जिवंत, आता गज उचलेल असं वाटतं. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या पाद्र्याचं प्रसिद्ध चित्र पण याच शहरात आहे. ते रेबर्नचंच का दुसऱ्या कोणाचं यावर वाद झालाय, मला त्या वादात पडायचं नाही, मी नील गॉपुढेच बसले.

१८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडला आला तेव्हा रेबर्नला ‘सर’ हा किताब दिला, पुढच्या जुलैत तो गेला.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच परत अ‍ॅन स्ट्रीटला गेले. पाऊस भुरभुरत होता, एक आजी बागेत वाळकी फुलं खुडत होत्या, त्यांनी हात केला, मी पण केला, आणि पाटीचा एक फोटो काढून घेतला.