पूरपातळी प्रकल्प: ती लाल-हिरवी टेस्ट अखेर सापडली

सांगलीच्या आयर्विन पुलाची दिवसाची सर्वोच्च पूरपातळी काढणारा आपला पायथन कोड तपासणाऱ्या ‘दिवसाचा उच्चांक’ टेस्टचं कोडं सुटलं. लॅपटॉपवर कायम हिरवी (पास), सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) मनाला येईल तेव्हा लाल (नापास). पायटेस्ट-रँडमली (टेस्टचा क्रम दर वेळी बदलणारं प्लगिन) लावल्यापासून हे सुरू झालं, म्हणून तेच काढा असा सूर होता. काढू नका, त्याने फक्त झाकलेलं उघडं केलं. लाल रनच्या लॉगमधला सीड (क्रम ठरवणारा आकडा) घ्या, टीझेड (टाइमझोनची सेटिंग) यूटीसी करा, टेस्ट समांतर वर्करांत वाटणारं एक्सडिस्ट बंद ठेवा (एका टेस्टने मागे सोडलेला बदल एकाच वर्करपुरता राहतो), बिघाड हमखास दिसतो.

रात्री २ च्या नोंदीचा इपॉक आकडा (१९७० पासूनचे सेकंद) तारीख-वेळ काढणाऱ्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला झोन न देता दिलेला, म्हणून तो मशीनचाच झोन धरतो. सीआय यूटीसीवर, आपण साडेपाच तास पुढे; म्हणजे मध्यरात्री ते पहाटे ५:३० च्या नोंदी आदल्या तारखेत. मग कधीकधी हिरवी कशी? आधी चाललेली दुसरी टेस्ट एशिया/कोलकाता झोन मागे सोडून जायची. तिचं फिक्स्चर (टेस्टची आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर) दिसायला चोख: मंकीपॅचने (तात्पुरते बदल करून नंतर परत फिरवणारं साधन) टीझेड बदल, तो लागू करायला टीझेडसेट, टेस्ट चालू द्यायला यील्ड, पुन्हा टीझेडसेट. गोम टीअरडाउनच्या, म्हणजे आवराआवरीच्या, क्रमात आहे. आपलं फिक्स्चर मंकीपॅचवर अवलंबून, म्हणून ते आधी आवरतं. तेव्हा टीझेड अजून कोलकाताच असतो आणि शेवटचा टीझेडसेट तोच पुन्हा वाचतो. उपाय: मंकीपॅचचा कॉन्टेक्स्ट विथ ब्लॉकमध्ये घ्यायचा (ब्लॉक संपताच टीझेड पूर्ववत होतो), यील्ड त्याच्या आत, शेवटचा टीझेडसेट बाहेर.

एवढं केल्यावर टेस्ट सीआयवर न चुकता लाल, म्हणजे बग आता लपत नाही. यासारखं सुख नाही! मग मूळ कोडमध्ये झोनइन्फोने (पायथनचं टाइमझोन मॉड्यूल) झोन दिला आणि विषय मिटला. रीरन प्लगिन सुचवणाऱ्यांना नम्रपणे नाही. तीनदा चालवून एकदा पास म्हणजे मलमपट्टी, आणि हा बग थेट पूरपातळीच्या आकड्यात गेला असता.

जाता जाता: ४४ फूट ११ इंच ही नोंद ४४.११ अशी वाचली जात होती, म्हणजे ४४ फूट ९ इंच तिच्यापेक्षा मोठी! आता सगळं इंचांत, पूर्णांकात. इशारा ४० फूट म्हणजे ४८०, धोका ४५ म्हणजे ५४०. ४७९, ४८०, ५३९, ५४० चारही टेस्ट पास.

हे लिहिता लिहिता वाटतंय, ते फिक्स्चर ठेवायचंच कशाला? टेस्टमध्ये खोटी वेळ लावणाऱ्या टाइम-मशीन लायब्ररीला झोनइन्फोवाली वेळ दिली की झोन तोच बदलतो आणि परतही ठेवतो. तेच काम करणाऱ्या फ्रीझगनपेक्षा वेगवानही आहे. फक्त विंडोजवर टीझेडसेटच नाही, तिथे या टेस्ट स्किप कराव्या लागतील. तिथे झोनइन्फोसाठी टीझेडडेटा (झोनची माहिती) पॅकेजही टाका. सीआयवर यूटीसी आणि कोलकाता असे दोन जॉब या आठवड्यात लावतोय.