तुम्ही विचारलंत म्हणून : तीनशे पंच्याहत्तर का ठेवली?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, हत्याराच्या लायसनच्या नूतनीकरणाला गेलो की रांगेत विचारतात, मागच्या पोळ्याला तर तोरणाखाली बैल धरून उभा असताना गुरुजींनीच विचारलं. "शिकार बंद, काडतूस भेटत नाही, अन् भेटलं तं एकाच्या पैशात मजुराचे चार दिवस निघतात. मग ते तोफ कायले ठेवली बावा?" दरवेळी मी काहीतरी पुटपुटतो. ही .३७५ बोअरची मोठी रायफल आजोबांची आठवण आहे म्हणतो. ते खरं आहे, पण उत्तर तेवढंच असतं तर दुनळी पण आजोबांचीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून एकदा बसून लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागातल्या टी-१ वाघिणीचं प्रकरण चाललं होतं तेव्हा ओळखीच्या तीन जणांनी मला फोन केले की मोठी रायफल तुमच्याकडं आहे, तुम्ही का जात नाही. खाजगी लायसनवर कोणी वाघामागे जात नसतो. आणि मला जायचंही नव्हतं. तेरा माणसांचे जीव गेल्याचा ठपका तिच्यावर होता, बोराटीच्या बाजूला सायंकाळी पाचनंतर वावरात कोणी थांबत नव्हतं, हे सगळं मी पाहिलेलं आहे. तरी २ नोव्हेंबरला ती मारली गेली तेव्हा मला आनंद झाला नाही. मोठी रायफल असलेल्या माणसाला वाघ मारायची हौस असणारच, हे लोक धरूनच चालतात, त्याचा मला आता खरंच वीट आला आहे.

रायफल आजोबांनी घेतली तेव्हा शिकारीसाठी जंगलखात्याचे ब्लॉक, म्हणजे जंगलाचे ठरावीक पट्टे, रीतसर मिळत होते. त्यांनी काय काय मारलं ते मी झाकत नाही. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली कायदा आला, आणि त्यांनी ग्रीस लावून रायफल पेटीत ठेवली ती त्यांच्या हयातीत पुन्हा जंगलात नेली नाही. बैठकीतला फोटो मात्र शेवटपर्यंत काढू दिला नाही. तो मी काढला, ते गेल्यावर.

पण तीनशे पंच्याहत्तरच का, हे ते फार मन लावून सांगायचे. मोठ्या जनावरासाठी साहेब लोकांची दुनळी एक्सप्रेस रायफल असायची. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअर बंद केला, कारण त्याच मापाची गोळी फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीला चालायची आणि ती बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. मग लंडनच्या कारागिरांनी त्याला वळसा घालून .४६५, .४७०, .४७५ अशी पिलावळ काढली. त्या दुनळ्या राजेरजवाड्यांच्या. आजोबांचं म्हणणं असं, की ज्याला आयुष्यात एकच मोठी रायफल परवडते त्यानं .३७५ मॅग्नम घ्यावी. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकवाल्या कंपनीनं ते काडतूस १९१२ साली काढलं. गोळ्या तीन वजनांच्या, २३५, २७० आणि ३०० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि चांगल्या रायफलीत तिन्ही जवळजवळ एकाच जागी लागतात. म्हणजे चितळापासून गव्यापर्यंत माशी, म्हणजे नेम धरायची खूण, न हलवता काम.

काडतूस हातात घेतलं की ते लांब आणि निमुळतं लागतं, खांदा जवळजवळ नाहीच. त्या काळी आत कॉर्डाइटच्या, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या, काड्या भरायच्या, त्यासाठी तो आकार. पण त्याचा आमच्याकडं वेगळाच फायदा. उन्हात कॉर्डाइटचा दाब वाढतो, सरळ बाजूचं काडतूस नळीत चिकटतं. हे निमुळतं असल्यानं वैशाखातसुद्धा बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा खटका) ओढला की सुळकन बाहेर. आणि बुडाशी तो पट्टा. खांदा इतका उतरता असल्यावर काडतूस नळीत नेमकं कुठं अडणार? पट्ट्यावर अडतं. बुडाची कड बाहेर आलेली नसल्यामुळं मॅगझिनमध्ये एकात एक अडकायचा प्रश्न येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्यापाशी मला परत यायचं आहे.

२०१५ साली राज्य सरकारनं पिकात येणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला (नीलगाईला) परवानगी घेऊन मारायची सोय केली. सोय म्हणजे अर्ज, पंचनामा, पुन्हा अर्ज. ज्यांच्याकडे लायसन त्यांच्याकडे गावातले लोक येऊ लागले. मीही दोन वर्षं काही केलं नाही. मग २०१७ च्या जानेवारीत आमचाच हरभरा घाट्यावर आलेला, आणि एका रात्रीत पाऊण एकर उलथून टाकला. झटका मशीन लावलेलं होतं, त्याच्या तारा तोडून. मी अर्ज केला, कागद हातात आला.

घरात तेव्हा तीन हत्यारं. बारा बोअरची दुनळी, देशी .३१५, आणि ही. मी .३१५ उचलली. का उचलली ते नीट सांगतो, कारण सगळं तिथं आहे. .३७५ ची माझ्याकडं तेव्हा एकोणतीस काडतुसं होती. डुकरासाठी त्यातलं एक कशाला घालवायचं, असं मला वाटलं. .३१५ चं काडतूस मिळत होतं. एवढाच हिशेब.

पहाटे दिसायला लागल्यावर नाल्याच्या अंगानं मोठा एकांडा डुक्कर धुऱ्यावर चढला. सोबत काका होते. सख्खे नाहीत, आमच्याकडं सालदार म्हणून आयुष्य गेलं, आजोबांच्या मागं हाक्याला फिरलेले, तेव्हा पासष्टीचे. साठ पावलांचं अंतर. डुक्कर तिरपा उभा, पाठ माझ्याकडं जास्त. काका हळूच म्हणाले, "थांब बापू, फिरू दे त्याले." मी ऐकलं, पण थांबलो नाही. उशीर केला तर जाईल, कागदाची मुदत जाईल, सगळं गाव विचारील. चाप ओढला. गोळी मागं लागली, पोटात. त्याचा आवाज वेगळा येतो, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. डुक्कर बसला, उठला आणि तुरीत घुसला.

जानेवारीतली तूर माणसाच्या डोक्याच्या वर असते. शेंगा वाळत आलेल्या, अंग लागलं की खुळखुळ वाजते. आत चार हातांवर काही दिसत नाही. अशा वेळी अर्धा तास थांबायचं, जनावराला थंड होऊ द्यायचं, आणि घरून दुनळी आणून मग शिरायचं, हे मला लहानपणापासून पाठ होतं. मी पाच मिनिटंही थांबलो नाही. मला लाज वाटत होती. पोटात गोळी घेऊन जनावर तिथं पडलेलं आहे, आणि ती माझी गोळी आहे, हे सहन होत नव्हतं. दया म्हणा, पण त्यात स्वतःची चूक लवकर मिटवून टाकायची घाईच जास्त होती. चालता चालता मॅगझिनमध्ये काडतुसं भरली. .३१५ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. वरच्याची कड खालच्याच्या पुढं बसवून भरावी लागते, मागं बसली की वरचं पुढं सरकत नाही. बोटं थरथरत होती. मी उलटं भरलं.

डुक्कर तुरीच्या ओळीत पडून होता. काका माझ्या उजव्या हाताला. आधी तूर वाजली, मग तो दिसला, आणि दिसला तेव्हा तो अंगावरच होता. एक गोळी नळीत होती ती मी झाडली, कुठं गेली ठाऊक नाही. बोल्ट मागं ओढला, पुढं ढकलला, अर्ध्यात अडकला. पुन्हा ढकलला. पुन्हा अडकला. त्या दोन सेकंदांत डुक्कर माझ्या बाजूनं निघून काकांच्या पायांत शिरला. ते ओरडले नाहीत. नुसते खाली बसले. डुक्कर दहा-बारा पावलांवर जाऊन स्वतःच कोसळला.

गुडघ्याच्या वर मांडी उघडी पडली होती. माझा दुपट्टा करकचून बांधला, बांधीपर्यंत तो लाल झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुटाराच्या पोत्यांवर त्यांना घातलं. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला त्यांचे दात वाजायचे. तालुक्याला एकतीस टाके पडले, तिथून यवतमाळला न्यावं लागलं. पाय वाचला. पण ते आता काठीशिवाय चालत नाहीत, आणि पाय उचलायचा म्हणून आळीनं फिरायला लागले की मला वाट बदलून जावंसं वाटतं. मी जात नाही, पण वाटतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी भेटेल त्याला एकच सांगत होतो. आजोबांची रायफल असती तर तो जागच्या जागी बसला असता. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास वेग, .३१५ च्या दीडपटीहून जास्त जोर. आणि अडकायचा प्रश्नच नाही. मी हे काकांनाही सांगितलं, ते खाटेवर असताना. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंदुकीले कायले दोस देतं? हात तं तुहाच होता ना." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्या वेळच्या माझ्याशी मी आजही भांडतो. पोटात लागलेली गोळी पोटातच असते, नळी केवढीही असो. मोठ्या बोअरनं चुकीचा नेम बरोबर होत नाही, हे आफ्रिकेत हत्तींमागं फिरलेले लोकही सांगतात. आणि .३१५ चा काय दोष? नीट भरली असती तर तिनं दुसरी गोळी दिलीच असती. इतकी वर्षं देत आली होती. पण मग दुसरा आवाज म्हणतो, हातात .३७५ असती तर एकोणतीसपैकी एक घालवतो आहेस ही जाणीव राहिली असती, आणि तू डुक्कर फिरेपर्यंत थांबला असतास. हे मला पटतं. पटतं म्हणूनच संशय येतो, की हे कारण मी मागाहून शोधलेलं तर नाही?

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं, तिसरं एका वर्षात जमा करायचं. ज्यानं विचारलं नाही तो शहाणा, असं झालं होतं. सगळ्यांचा सल्ला एकच, .३७५ काढा. बाबांनी तर स्पष्टच म्हटलं, "जिचं काडतूस भेटते ते इकतं, अन् जिचं भेटत नाही ते ठेवतं. कोन्या हिशेबानं?" करोनाचं वर्ष, मुदतीला पंधरा दिवस उरलेले. मी नागपूरला जाऊन .३१५ लायसनवाल्या विक्रेत्याकडं दिली. पावती घेतली. परतीच्या रस्त्यात मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच चीड आली. कारण मी कामाचं हत्यार टाकून सुंदर हत्यार ठेवलं होतं, आणि जे टाकलं ते माझ्या चुकीचं साक्षीदार होतं. बाबांना हे दिसत होतं की नाही, मी विचारलेलं नाही.

आता खरं सांगतो, जे पंगतीत सांगता येत नाही. मला ती रायफल आवडते. अक्रोडाचा दस्ता आहे, आजोबांच्या गालानं एका जागी गुळगुळीत झालेला. दिवाळीनंतर एकदा मी त्याला आमच्याच वावरातल्या जवसाचं तेल तळहातानं चोळतो, अगदी पातळ, आणि दोन दिवस सुकू देतो. बोल्ट मागं ओढताना लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. वर्षातून एकदा रायफल क्लबच्या रेंजवर तीन गोळ्या झाडतो, तीनच. .३१५ हातोडीसारखी टोचायची. हिचा धक्का मोठा, पण सावकाश येतो, तुरीच्या पोत्यानं रेटावं तसा. तीन भोकं कागदावर एकाशेजारी एक दिसली की मी पुढचे आठ दिवस घरात कुणावर चिडत नाही. हे बायको सांगते.

निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा. २०१९ मध्ये दोनदा, २०२४ मध्ये दोनदा. एकदा परत मिळाली तेव्हा नळीच्या तोंडाशी लाल ठिपके होते. चार रात्री तेल आणि चिंधी घेऊन बसलो, तीन ठिपके तरीही राहिले. हात लावला की अजून लागतात. इतकं जिवाला लागतं, तर काढून का टाकत नाही, असंही विचारतात. जिवाला लागतं ते काढून टाकायची रीत आमच्या घरात कुणाला जमलेली नाही.

परवा शेजारचा वावरवाला परवानगीचा कोरा अर्ज घेऊन आला. त्याच्या हरभऱ्यात पुन्हा डुकरं. तो दुनळी आण म्हणाला. ओट्यावर काका बसले होते, त्यांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "मोठी आन. मी येतो संगं." मी पेटी उघडून काडतुसं मोजली. अकरा आहेत. अर्जात हत्याराचा नंबर लिहायची जागा असते, ती अजून कोरीच आहे.